संदेशगोपन
संदेशगोपन : संदेशातील मजकूर त्रयस्थापासून लपविण्याची रीत. सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्यासारख्या जनावरांच्या बाजारांत रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची जुनी पद्धत हे तिचे एक रूप होय. तीत आकडा झाकला जातो. सौदा कोणाकोणांत चालला आहे, हे मात्र सर्वांस दिसते. भ्रमणध्वनीवरील संदेशसेवांतही हाच भेद आढळतो. व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सर्व संदेश सांकेतिक केले. तथापि कोणी कोणाशी केव्हा संपर्क साधला, हे सेवाचालकास कळू शकते. सिग्नल अशी नोंद अत्यल्प ठेवते. टेलिग्रामची केवळ ‘गुप्त संभाषणे’च चालकास अगम्य असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो जपावयाचा, तर मजकुराइतकीच संपर्काची नोंदही झाकली जाणे आवश्यक ठरते.