टरेट एक्सोस्टोसिस

बोटाच्या मागच्या बाजूला खोल चीर पडते, टाके घातले जातात, जखम भरूनही येते. पुढे काही आठवड्यांनी त्याच जागी टणक उंचवटा हाताला लागू लागतो आणि मूठ पुरती वळेनाशी होते. इजेनंतर बोटाच्या हाडावर अशा रीतीने चढणाऱ्या जादा हाडाला ‘टरेट एक्सोस्टोसिस’ म्हणतात. विसिंजर, मॅक्लेन आणि बॉइज यांनी १९६६ साली त्याचे वर्णन केले. हा कर्करोग नव्हे.

प्रत्येक हाडावर पातळ, जिवंत आवरण असते आणि मोडलेले हाड सांधण्यात त्यातील पेशींचा मोठा वाटा असतो. बोटाच्या मागच्या अंगाला मांस जवळजवळ नसतेच : पातळ त्वचा, तिच्याखाली बोट सरळ करणारी कंडरा आणि लगेच हाड. काच किंवा पाते आवरणापर्यंत शिरले की आवरण हाडापासून सुटते, कंडरेखाली रक्त साकळते आणि त्या जागी हळूहळू हाड धरू लागते. वरून कंडरेचा दाब असल्यामुळे त्याला गुळगुळीत घुमटाचा आकार येतो. या उंचवट्यावरून कंडरा मोकळेपणाने सरकत नाही, म्हणून बोट वाकताना अडते.

सुरुवातीच्या एक्स-रेत बहुधा नुसती सूज दिसते. हाडाची सावली नंतर उमटते.

शस्त्रक्रियेची घाई मात्र नडते. कोवळे हाड खरवडले तर ते पुन्हा वाढू शकते, म्हणून ते पक्के होईपर्यंत साधारण चार ते सहा महिने थांबतात. मग कंडरा बाजूला सारून उंचवटा काढतात आणि बोटाची हालचाल लवकर सुरू करतात.

याच्या जवळचा विकार म्हणजे ‘नोराची गाठ’. नोरा, डालिन आणि बीबाउट यांनी १९८३ मध्ये हातापायांच्या लहान हाडांवरील अशा ३५ गाठींची नोंद केली. यात इजेचा पूर्वेतिहास अनेकदा नसतो, आणि त्या मालिकेत काढलेल्या गाठींपैकी सुमारे निम्म्या पुन्हा उद्भवल्या. ही गाठही शरीरात इतरत्र पसरत नाही. तरी सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या अस्ताव्यस्त पेशी हाडाच्या कर्करोगाचा भास निर्माण करतात. तपासणीसाठी काढलेला केवळ तुकडा पाहून निदान केले तर निरुपद्रवी गाठीपायी बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. एक्स-रे शेजारी ठेवूनच तो तपासला पाहिजे. रुग्णानेही जुनी जखम कितीही किरकोळ वाटली तरी डॉक्टरांना सांगावी आणि आधीचे एक्स-रे जपून ठेवावेत.