मद्य-ऊर्ध्वपातन पात्रे
मद्य-ऊर्ध्वपातन पात्रे : आंबविलेल्या द्रवातील अल्कोहॉलाची वाफ करून ती पुन्हा थंड करण्यासाठी व त्यातून तीव्र मद्य मिळविण्यासाठी वापरण्यात येणारी पात्रे. अशा संचाचे तीन भाग असतात : द्रव तापविण्याचे भांडे, वाफ वाहून नेणारे टोपण व नळी आणि वाफ थंड करणारा संघननक. किण्वनात अल्कोहॉलाबरोबर थोडे ॲसिटिक अम्लही तयार होते. त्यामुळे संघननकात जमणारा उष्ण द्रव काहीसा आम्लधर्मी असतो व तो ज्या पृष्ठभागावर जमतो त्याचा अंश स्वतःत विरघळवून घेतो. म्हणूनच घरगुती व लहान भट्ट्यांच्या इतिहासात पात्राच्या द्रव्याची निवड हा कारागिरीइतकाच आरोग्याचाही प्रश्न ठरला आहे.

प्राचीन पात्रे : सु. ३०० च्या सुमारास ईजिप्तमध्ये होऊन गेलेल्या झोसिमस या किमयागाराने मारिया या त्याच्या पूर्वकालीन स्त्री-किमयागाराच्या उपकरणांची वर्णने नोंदविली आहेत. त्यांत तीन तोट्यांच्या पात्रासाठी तांब्याच्या नळ्या सांगितल्या आहेत. तक्षशिला व चारसद्दाजवळील शेखानढेरी येथील उत्खननांत सापडलेली मातीची भांडी मद्याच्या ऊर्ध्वपातनाची असावीत, असे मत एफ्. आर्. ऑल्चिन यांनी १९७९ मध्ये मांडले. त्याबाबत विद्वानांत मतभेद आहेत. संस्कृत रसग्रंथांतील तिर्यक्पातन यंत्रात दोन घट तिरप्या नळीने जोडलेले असतात. माती निरुपद्रवी व स्वस्त असली, तरी ती ठिसूळ असून उष्णतेची मंद वाहक आहे.

तांबे : तांबे उष्णता झपाट्याने व सारखी पसरविते, ठोकून हवा तो आकार घेते आणि मद्याला दुर्गंध देणारी गंधकयुक्त संयुगे स्वतःशी बांधून ठेवते. त्यामुळे ते भट्टीचे प्रमुख द्रव्य बनले. मात्र आंबट द्रवाने तांबे कळकते आणि विषारी ताम्रक्षार मद्यात उतरतात. म्हणून प्रत्येक खेपेनंतर भांडे स्वच्छ करणे अगत्याचे असते. महाराष्ट्रातील घरांत तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावण्याची प्रथाही याच कारणाने पडली होती.

शिशाचा धडा : शिसे मऊ, सहज वाकणारे व न गंजणारे असल्याने सतराव्या-अठराव्या शतकांत टोपणे व नागमोडी नळ्या यांसाठी ते सर्रास वापरले जाई. ॲसिटिक अम्लाशी त्याचा संयोग होऊन बनणारा क्षार गोडसर असल्याने चवीवरून तो ओळखू येत नसे. न्यू इंग्लंडमधील रम पिणाऱ्यांना पोटात तीव्र कळा येतात व हातपाय लुळे पडतात, अशी तक्रार नॉर्थ कॅरोलायनातून आली. तिचे मूळ शिशाच्या नळ्यांत असल्याचे वैद्यांना आढळले. तेव्हा मॅसॅचूसेट्स वसाहतीने १७२३ मध्ये शिशाच्या टोपणांना व नळ्यांना कायद्याने बंदी केली. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी १७८६ मधील एका पत्रात ही हकीकत नमूद केली आहे. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात सफरचंदाच्या मद्याने होणाऱ्या अशाच पोटदुखीचे कारण शिसे असल्याचे जॉर्ज बेकर यांनी १७६७ मध्ये दाखविले. ते मद्य ऊर्ध्वपातित नव्हते. दोष रस काढण्याच्या व साठविण्याच्या साधनांतील शिशाचा होता.

गोव्यातील भट्टी : काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. काजूच्या बोंडांचा रस आंबवून भाण नावाच्या भांड्यात तापवितात व वाफ लावणी या पात्रात थंड करतात. पूर्वी ही पात्रे मातीची असत. पुढे भाण तांब्याचे झाले. सांधे वारुळाच्या मातीने लिंपण्याची रीत होती, त्यामुळे डाखाची गरज पडत नसे. पहिल्या ऊर्ध्वपातनाने हुर्राक व त्यानंतरच्या ऊर्ध्वपातनाने फेणी मिळते. काजू-फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. हा धंदा परवान्याने व उघडपणे चालत राहिल्याने पात्रांविषयीचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या टिकले.

कायदा व गुप्त भट्ट्या : मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने मद्यनिर्मितीवर सरकारी नियंत्रण दृढ झाले आणि मोहाची दारू घरी गाळणाऱ्यांची जुनी रीत गुन्हा ठरू लागली. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वयेही विनापरवाना गाळप दंडनीय ठरले. अमेरिकेत १९२०–३३ या काळात दारूबंदी होती. चोरट्या भट्टीत पात्राची निवड कारागीर करीत नाही. हाती लागेल ते भंगार करते. जस्ताचा मुलामा दिलेली पिंपे, रबरी व प्लॅस्टिकच्या नळ्या, मोटारींचे जुने रेडिएटर अशा वस्तू भट्टीत शिरतात. रेडिएटरच्या सांध्यांना शिसेयुक्त डाख असतो. ॲलाबॅमा राज्यात १९९०-९१ मध्येही अशा मद्यामुळे शिसे-विषबाधा झालेले रुग्ण आढळले. म्हणजे १७२३ मध्ये कायद्यात उतरलेले ज्ञान अंधारातील धंद्यापर्यंत पोहोचले नव्हते.

मिथेनॉलाची विषबाधा याहून वेगळी आहे. फळांतील पेक्टिनापासून किण्वनात थोडे मिथेनॉल तयार होते. धान्य वा गूळ यांपासून ते नगण्य असते. त्याचा उकळबिंदू ६४·७° से. व एथिल अल्कोहॉलाचा ७८·३° से. असला, तरी साध्या भट्टीत पहिला अंश टाकून दिल्याने ते पूर्णपणे वेगळे होत नाही. सामूहिक मृत्यूंच्या घटनांत मात्र बहुधा औद्योगिक मिथेनॉलाची भेसळ असते. मुंबईत मालवणी येथे २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे दगावली, ती अशाच मिथेनॉलयुक्त दारूने. अशा विषावर पात्र कितीही निर्दोष असले तरी उपाय नाही.

आधुनिक द्रव्ये : शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये अगंज पोलाद तयार केल्यानंतर आम्लाला टिकणारे व सहज धुता येणारे द्रव्य उपलब्ध झाले. ते गंधकयुक्त संयुगे शोषीत नाही. म्हणून अनेक मद्यनिर्मितिशाळांत तांब्याचे स्थान अद्याप कायम आहे. प्रयोगशाळांत काच वापरतात. ती रासायनिक दृष्ट्या निर्धोक, पण ठिसूळ असते. पात्रांचे सांधे शिसेविरहित डाखाने वा वितळजोडाने जोडणे, ही आज सर्वमान्य अट आहे.