पोतं छातीशी कसं आलं

वाळूचं पोतं छातीशी कवटाळून चालणारी माणसं आता आपल्याकडच्या जिममध्येही दिसू लागली आहेत. ही हमालीचीच नक्कल असं पाहणाऱ्याला वाटतं. मला ते पटत नाही. दिवसभर ओझी वाहणारा माणूस पोतं पाठीवर, खांद्यावर नाहीतर डोक्यावर घेतो, कारण त्याला संध्याकाळपर्यंत दम पुरवायचा असतो. छातीवरचं ओझं श्वास कोंडतं आणि पुढे ओढतं. मजुरी पोत्यावर मिळत असताना लांबच्या अंतराला कुणी ते तसं धरणार नाही. ही पकड दगडाकडून आली आणि तो दगड आइसलँडचा आहे.

आइसलँडच्या पश्चिम भागात हूसाफेल नावाचं ठिकाण आहे. अठराव्या शतकात स्नोरी ब्योर्नसन हे तिथले पाद्री होते. त्यांच्या शेळ्यामेंढ्यांच्या दगडी वाड्यापाशी एक चपटा, तिकोनी दगड अजून आहे, वजन 186 किलो. नुसता जमिनीवरून सुटला तर गडी कच्चा, कमरेपर्यंत आला तर निम्मा बळकट आणि छातीशी घेऊन वाड्याला फेरा मारला तरच पुरा बळकट, अशी तिथली प्रतवारी. स्नोरींची मुलगी गुडनी हिनेही तो पेलला होता, असं लोक सांगत आले आहेत.

ही निव्वळ हौस समजू नये. त्याच देशात ड्यूपालोनसान्दुरच्या किनाऱ्यावर 154, 100, 54 आणि 23 किलोचे चार दगड आहेत. पूर्वी मासेमारीच्या होडीवर काम मागणाऱ्याने निदान 54 किलोचा दगड कमरेएवढ्या उंच कातळावर चढवून दाखवायचा. नाही जमलं तर होडीत जागा नाही. घरची चूल त्या दगडावर अवलंबून होती.

आपल्या तालमीतल्या दगडी नालाला आत मूठ असते. हूसाफेलच्या दगडाला धरायला काही नाही. हात त्याच्याभोवती गुंफायचे आणि पाठ, पोट, मांड्या सगळ्यांनी मिळून तो सांभाळायचा. पुढे वाळूच्या पोत्यात उतरला तो नेमका हाच गुण.

1977 साली कॅलिफोर्नियात ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’ स्पर्धा सुरू झाली. अशा स्पर्धांतून हूसाफेलच्या दगडाच्या प्रतिकृती जगभर फिरल्या. पण दगड व्यायामशाळेत कसा ठेवणार? हातातून सुटला की फरशी फुटते, पायही जायचा. शिवाय वजन कमी-जास्त करता येत नाही. 1996 साली ब्रुक्स क्युबिक या अमेरिकन वकिलाचं ‘डायनोसॉर ट्रेनिंग’ हे पुस्तक आलं. चकचकीत यंत्रं सोडा, पोती आणि पिंपं उचला, असा त्याचा आग्रह होता. घरी भरलेलं वाळूचं पोतं व्यायामाचं साधन म्हणून पुन्हा मानाला चढलं, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा. आता तर हूसाफेलच्याच आकाराच्या तिकोनी पिशव्या विकत मिळतात.

पोतं भरणं हेही काम आहे. वाळू कोरडी हवी आणि आतली पिशवी मजबूत हवी. 50 किलोला जेमतेम तीस लिटर वाळू लागते, पण पोतं तट्ट भरायचं नाही. थोडं सैल असलं की वाळू आतल्या आत सरकते आणि तोल दर पावलाला नव्याने साधावा लागतो. उचलताना खाली बसून दोन्ही हात पोत्याखाली सारायचे, आधी ते मांड्यांवर ओढून घ्यायचं, तिथे पकड बदलायची आणि मगच कंबर सरळ करत उभं राहायचं. घाईने थेट उचलणारा पाठीचं दुखणं ओढवून घेतो.

कॅनडाचे कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी सहकाऱ्यांसह 2009 साली स्ट्राँगमन खेळांमधला धडाच्या स्नायूंचा भार मोजला. ओझं घेऊन चालताना क्षणभर सगळा भार एका पायावर येतो. त्या वेळी कंबर कलू नये म्हणून एकटा खुबा पुरत नाही, धडाच्या बाजूचे स्नायू मदतीला धावतात. बारबेल घेऊन दोन्ही पायांवर जागीच बैठका मारताना या स्नायूंवर असा प्रसंग येत नाही.