अवजारांना पितळेची झाळ: लोहाराच्या भट्टीतील पद्धत आणि काळजी

हंगामाच्या तोंडावर अवजार मोडले की आपण थेट वेल्डिंगच्या दुकानात जातो. पण पातळ पत्र्याला किंवा नळीला विजेच्या वेल्डिंगने अनेकदा भोक पडते. अशा कामाला पितळेची झाळ सोयीची ठरते. यात लोखंड वितळत नाही; वितळलेले पितळ दोन भागांमधील फटीत ओढले जाते आणि सांधा पक्का होतो.

झाळ कशाला द्यावी?

- लोखंडी नळ्या, पातळ पत्र्याचे भाग, मुठीची लोखंडी कडी यांना झाळ चांगली बसते.
- विळा, कोयता यांच्या धारेजवळ झाळ देऊ नये. तापल्याने धारेचे पाणी उतरते. पुन्हा पाणी देताना सांध्याला तडा जाऊ शकतो.
- पहार, कुदळ, नांगराचा फाळ अशा दणके सोसणाऱ्या भागांना झाळ टिकत नाही.
- फवारणी पंपाची पितळी नळी या पद्धतीने जोडू नये. झाळेसोबत नळीही वितळते.

कृती

1. गंज, रंग, ग्रीस पूर्ण काढून धातू चकचकीत करावा. मळलेल्या जागी पितळ धरत नाही.
2. भाग एकमेकांवर चढवून जोडावेत. चढ पातळ भागाच्या जाडीच्या किमान तिप्पट असावा. फट जेमतेम पोस्टकार्डाच्या जाडीएवढी ठेवावी.
3. सांधा लोखंडी तारेने घट्ट बांधावा.
4. टाकणखार पाण्यात कालवून लावावा. त्यावर पितळेचा कीस किंवा बारीक तुकडे ठेवावेत.
5. लाकडी कोळशाच्या, धूर नसलेल्या निखाऱ्यावर भाता हळू चालवून दोन्ही भाग सारखे तापवावेत. टाकणखार आधी फुगतो, मग सुमारे ७४० अंश सेल्सिअसला काचेसारखा पातळ होतो. ९०० अंशांच्या आसपास पितळ चमकून फटीत पसरते.
6. पितळ पसरताच भाता थांबवावा. पितळ गोठेपर्यंत सांधा हलवू नये, पाण्यातही बुडवू नये.
7. थंड झाल्यावर गरम पाणी आणि तारेच्या ब्रशने टाकणखाराचा काचेसारखा थर काढावा. तो राहिल्यास त्याखाली गंज चढतो.

धुराकडे दुर्लक्ष नको

पितळेत जस्त असते आणि ते सुमारे ९०७ अंशांना उकळते. पांढरा धूर दिसला की आच जास्त झाली असे समजावे. हा धूर छातीत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते. बहुधा एक-दोन दिवसांत बरे वाटते. मात्र धाप लागल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे. दूध प्यायल्याने धूर बाधत नाही हा समज चुकीचा आहे. काम मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूला उभे राहून करावे.

जस्ताचा मुलामा असलेला (जी.आय.) पाइप मुलामा काढल्याशिवाय भट्टीत घालू नये. कीटकनाशकाचा संपर्क आलेला भाग आतून-बाहेरून स्वच्छ धुवावा, रबरी वायसर काढून घ्यावेत. डिझेल-पेट्रोलची टाकी रिकामी दिसत असली तरी भट्टीजवळ नेऊ नये. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

दुरुस्त केलेली नळी वापरण्यापूर्वी साध्या पाण्याने दाब देऊन तपासावी. सांध्यातून थेंब आला, तर औषध भरू नये.