ओढशक्ती : एका अभ्यासक्षेत्रात प्रवेश करताना

एका घोड्यात किती माणसांचे बळ असते? आणि एका बैलात? हा प्रश्न लहान मूलही विचारते आणि यंत्रशास्त्राचा प्राध्यापकही. उत्तर शोधायला निघालो की शरीरशास्त्र, शेती, यंत्रविद्या आणि कायदा या चारही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. इथे पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत आहे. अमळनेरच्या वाचकाला तर हा विषय परका वाटायचे कारणच नाही. बोरी-तापीकाठच्या काळ्या जमिनीत राबणारी तापी खिल्लार जोडी, वैशाखात सखाराम महाराजांचा रथ ओढणारे भाविक, दत्तजयंतीला सारंगखेड्यात भरणारा घोडेबाजार अशी अभ्यासाची सगळी सामग्री जवळच आहे.

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती ही, की ताकद एका आकड्यात मावत नाही. ओढ किती, वेग किती आणि दम किती वेळ टिकतो, हे तिन्ही विचारावे लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॅट यांनी घोड्याच्या कामाचे माप ठरवले : मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे, म्हणजे सुमारे ७४६ वॅट. ही झाली अश्वशक्ती. ती घोड्याच्या सलग कामावरून बांधलेली आहे. १९९३ साली ‘नेचर’मध्ये दोन संशोधकांनी जुन्या ओढस्पर्धेच्या नोंदींवरून हिशेब मांडला, तेव्हा काही सेकंदांपुरता घोडा जवळजवळ १५ अश्वशक्ती देतो असे दिसले. निरोगी माणूसही क्षणभर एक अश्वशक्ती ओलांडतो, पण दिवसभराच्या कामात तो तिच्या दहाव्या हिश्शापर्यंतही क्वचितच पोहोचतो.

भारतीय कृषी अभियांत्रिकीत माणसाची शक्ती ०.०५ किलोवॅट आणि ओढकाम करणाऱ्या जनावराची ०.३८ किलोवॅट धरतात. म्हणजे एका बैलामागे साडेसात माणसे. आकडा कुठून येतो ते शेतात पडताळता येते. बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी ओढ तासन्‌तास देऊ शकतो. ४०० किलोचा बैल ४० किलोची ओढ लावून ताशी सव्वातीन किलोमीटर चालला, तर हिशेब साडेतीनशे वॅटच्या आसपास येतो. विहिरीवरची पाच एचपीची मोटर म्हणजे अशा दहा बैलांचे काम. एकेकाळी विहिरीवर मोट ओढणाऱ्या जोड्या का गेल्या, ते या एका भागाकारातून समजते.

आता याच आकड्यांना वजनाने भागून पाहा. बैल किलोमागे एक वॅटच्या थोडा खाली येतो आणि ५५-६० किलोचा माणूसही तिथेच. बैलाचे स्नायू काही निराळ्या जातीचे नाहीत. सस्तन प्राण्यांच्या स्नायूंची दर चौरस सेंटिमीटर छेदाला जोर लावण्याची क्षमता फारशी वेगळी नसते. मोठ्या जनावराचा जोर मुख्यतः त्याच्या आकारमानातून आणि जमिनीवर रोवलेल्या वजनातून येतो. दम टिकवण्यात तर माणूस कधीकधी सरसही ठरतो. वेल्समधल्या माणूस-घोडा शर्यतीत २००४ साली पहिल्यांदा धावपटूने घोड्यांना मागे टाकले.

बळ असून भागत नाही, ते कामापर्यंत पोहोचावे लागते. आपल्या बैलाला वशिंड आहे, म्हणून त्याच्यापुढे जू टेकते. घोड्याला वशिंड नाही. त्याच्या खांद्यांवर भार घेणारा गादीदार पट्टा आला, तेव्हा कुठे तो जड नांगराला नीट जुंपता आला. चाकाचेही तसेच. लोखंडी धावेच्या चाकापेक्षा हवेच्या टायरवर तेच ओझे कमी ओढीत सरकते.

जुंपणी अनेकांची असेल तर आणखी एक नियम लागू होतो. फ्रान्समधले कृषी अभियंते मॅक्स रिंगेलमान माणसे, घोडे आणि बैल यांच्या ओढीचा अभ्यास करत. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत आठ माणसे मिळून दोर ओढताना प्रत्येकाचा वाटा एकट्याने ओढताना होता त्याच्या निम्म्यावर आलेला दिसतो. सगळ्यांचा जोर एकाच क्षणी, एकाच दिशेला लागत नाही, हे त्याचे एक कारण. रथ ओढताना एकसुरात दिलेल्या आरोळीचे मोल इथे कळते. काळ्या रानात खोल नांगरटीला दोन-तीन जोड्या जुंपल्या तर औत्याचे कसब का लागते, तेही कळते.

या अभ्यासातून कायदाही घडला आहे. ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांत साध्या चाकाच्या गाडीला जेवढे ओझे, त्याच्या दीडपट हवेच्या टायरला आणि दुप्पट बॉलबेअरिंगच्या गाडीला चालते. दिवसाला नऊ तासांहून जास्त किंवा विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त काम नाही. ३७ अंशांवर पारा गेला तर दुपारी बारा ते तीन जुंपायचे नाही. चैत्र-वैशाखातले खानदेशी ऊन सोसलेल्याला हा शेवटचा नियम समजावून सांगावा लागणार नाही.

जनावराची खरी ताकद म्हणजे आज करून उद्या पुन्हा करता येईल एवढे काम, आणि हेच या क्षेत्राचे मध्यवर्ती तत्त्व मला वाटते. क्षणभराचा जोर शर्यतीत दिसतो, पण संसार रोजच्या ओढीवर चालतो. तिचे मोजमाप करणारा माणूस जनावरावर, आणि तितकेच खुरपणी-वेचणी करणाऱ्या मजुरावर, झेपेल एवढाच भार टाकायला बांधील होतो. तुमच्या गावात अजून वखर, तिफण, कोळपे चालत असतील, तर एक ताणकाटा, एक घड्याळ आणि मोजपट्टी घेऊन बांधावर जा. कोणत्या अवजाराला किती ओढ लागते, बैल कधी थकतो, जू कुठे घासते, याची नोंद ठेवा. औत्याला विचारा, त्याने आयुष्यभर हेच मोजले आहे. त्याचे ज्ञान आकड्यांत उतरवण्याचे काम अजून बरेच बाकी आहे आणि त्याला तुमच्यासारख्या अभ्यासकांची गरज आहे.