गर्भ नेमका कधी राहिला? ड्यू डेटमागच्या गणिताची जुनी गोष्ट

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘८ आठवडे’ लिहिलेलं असतं आणि नवरा बोटीवरून किंवा आखातातून परत येऊन सहाच आठवडे झालेले असतात. अशा वेळी घरात काय काय बोललं जातं, ते मी वेगळं सांगायला नको. खरं तर त्या रिपोर्टमध्ये काहीच चुकीचं नसतं. गर्भाचं वय आपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो आणि गर्भधारणा साधारण त्यानंतर दोन आठवड्यांनी होते. म्हणजे ‘८ आठवडे’ याचा अर्थ गर्भ राहून सुमारे ६ आठवडे झाले. मग पहिले दोन आठवडे, जेव्हा गर्भ नसतोच, ते आपण का धरतो? याचं उत्तर इतिहासात आहे.

जुन्या काळी बाईला ठामपणे सांगता येईल अशी एकच तारीख होती, पाळीची. गर्भ आत कधी तयार होतो हे कोणालाच दिसत नव्हतं. रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वेने इंग्लंडच्या राजाच्या शिकारीतल्या हरिणी विणीच्या हंगामात कापून पाहिल्या, तरी त्याला गर्भाशयात काही सापडलं नाही. १६५१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो गर्भारपणाच्या काळासाठी चक्क येशूच्या जन्माचा दाखला देतो: २५ मार्च ते २५ डिसेंबर, म्हणजे २७५ दिवस. आपल्याकडच्या ‘नऊ महिने नऊ दिवसां’चा हिशोबही त्याच्या आसपासच येतो, हे गमतीचं आहे.

पुढे हॉलंडमधल्या लायडनचे डॉक्टर बूरहावे यांनी पाळीनंतर एक आठवडा आणि नऊ महिने असा हिशोब मांडला. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या नेगेले यांनी १८३० च्या सुमारास तो सुईणींसाठीच्या पुस्तकातून रूढ केला. पाळीच्या तारखेत ७ दिवस मिळवा आणि ९ महिने पुढे जा, हाच तो ‘नेगेलेचा नियम’. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं की शेवटच्या, हे मात्र त्यात नीट स्पष्ट नव्हतं. पहिला दिवस धरण्याची पद्धत पुढे पक्की झाली आणि आपण आजही तीच वापरतो.

सस्तन प्राण्याचं बीज (कुत्रीचं) पहिल्यांदा पाहिलं ते फॉन बेअर यांनी, १८२७ साली. पण माणसात ते महिन्यात कधी बाहेर पडतं हे कळायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं लागली. १९२० च्या दशकात जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की बीज पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं. लक्षात घ्या, मोजायचं *पुढच्या* पाळीपासून मागे. म्हणून ३५ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईत ते १४ व्या नव्हे, २१ व्या दिवसाच्या आसपास सुटतं.

हे अज्ञान बायकांना किती महाग पडायचं ते इंग्लंडच्या कोर्टांत दिसतं. १९२१ च्या गॅस्किल खटल्यात सैनिक नवरा परदेशी गेल्यानंतर ३३१ दिवसांनी मूल झालं. बायकोविरुद्ध दिवसांच्या हिशोबाखेरीज दुसरा पुरावा नव्हता. इतके दिवस अशक्यच आहेत असं न्यायाधीशांना म्हणता येईना आणि घटस्फोट नाकारला गेला. १९५१ च्या प्रेस्टन-जोन्स खटल्यात मात्र ३६० दिवस हाऊस ऑफ लॉर्ड्सला जास्तच वाटले. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११२ मध्ये २८० दिवस आले: विवाह संपल्यावर तेवढ्या दिवसांत मूल झालं आणि आईने पुन्हा लग्न केलं नसेल, तर ते त्याच नवऱ्याचं मानायचं. नवीन कायद्यातही (कलम ११६) तोच आकडा कायम आहे. गंमत अशी, की २८० हा आकडा डॉक्टर पाळीपासून मोजतात, कायदा विवाह संपल्यापासून.

गर्भ प्रत्यक्ष दिसू लागला तो ग्लासगोत. इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये पोटाच्या अल्ट्रासाऊंडची चित्रं प्रसिद्ध केली. तिथल्याच रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये गर्भाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून वय सांगायची रीत दिली. तुमच्या रिपोर्टवरचं ‘सीआरएल’ ते हेच.

आता तुमचा हिशोब. ड्यू डेटमधून २६६ दिवस वजा करा. तारीख १० ऑक्टोबर असेल, तर गर्भधारणा १७ जानेवारीच्या आसपास (लीप वर्ष नसेल तर) आणि पाळी ३ जानेवारीची. ‘आसपास’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकतात, त्यामुळे संबंधाचा दिवस आणि गर्भधारणेचा दिवस एकच असेल असं नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीतही पाच ते सात दिवसांचा फरक पडू शकतो. शेवटच्या महिन्यांतली सोनोग्राफी तर या कामी धरूच नका, तेव्हा फरक दोन-तीन आठवड्यांचा असतो.

म्हणून ‘१५ तारीख की १८ तारीख’ या प्रश्नाचं उत्तर सोनोग्राफी देऊ शकत नाही. ‘जानेवारी की मार्च’ याचं उत्तर लवकर केलेली सोनोग्राफी नक्की देते. रिपोर्ट घरी वाचून वाद सुरू झाला असेल, तर पहिला, सर्वात जुना रिपोर्ट काढा, त्यातल्या आठवड्यांतून दोन वजा करा आणि दोघं मिळून डॉक्टरांकडे या.