ओटीवरची खोली

गेल्या महिन्यात साखरशेतहून आईचा फोन आला. गावात बदली होऊन आलेला एक शिक्षक आपली ओटीलगतची खोली मागतोय. जव्हारहून रोज येणं-जाणं त्याला पावसाळ्यात जमणार नाही, आणि "मलाही रात्री घरात कुणी असलेलं बरं," असं ती म्हणाली. बाबा गेल्यापासून ती एकटीच राहते. हे शेवटचं वाक्य तिने सहज म्हटलं, पण मला ते रात्रभर पुरलं.

घरच्या ग्रुपवर मी विषय काढला मात्र, आणि धाकट्या काकांनी लगेच लिहिलं, "खोली गेली म्हणून समज. भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही." आत्याने फक्त दोन शब्द विचारले, "आडनाव काय?"

काकांना कुठल्याही भाडेकरूने कधी त्रास दिलेला नाही. साखरशेतात आम्ही आजवर भाडेकरू ठेवलेलाच नाही! मग ही भीती आली कुठून? शोधत गेलो तर थेट मुंबईत पोचलो.

पहिल्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई झाली, भाडी भडकली, आणि १९१८ साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. तो तात्पुरता होता. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच वेळ आली, आणि शेवटी १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. त्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरूला सहजासहजी काढता येईना. तेव्हाच्या मुंबईत हे गरजेचंच होतं, नाहीतर गिरणी कामगार रस्त्यावर आला असता. पण तात्पुरतं औषध अर्धं शतक चालू राहिलं. मालक दुरुस्ती करेनात, पागडी सुरू झाली, भाडेकरू पोटभाडेकरू ठेवू लागले.

मालकांनी यावर पळवाट काढली. 'भाडेकरू' म्हणायचंच नाही, 'लीव्ह अँड लायसन्स' करायचं, म्हणजे फक्त वापरायची परवानगी. मग १९७३ मध्ये सरकारने कायदा बदलला. त्या वर्षी १ फेब्रुवारीला चालू करारावर जो जागेत राहत होता, तो भाडेकरू ठरला. ज्यांनी अकरा महिन्यांसाठी खोली दिली होती त्यांची झोप उडाली. काकांची भीती ही त्या वर्षाची आहे. तेव्हा मुंबईत नोकरीला असलेल्या कुणाच्या तरी तोंडून ती आमच्या ओटीपर्यंत आली असणार. कायदा शहराचा होता, पण भीतीला हद्द नसते.

गंमत पुढेच आहे. त्याच १९७३ च्या दुरुस्तीत 'पेइंग गेस्ट' वेगळा काढला होता. मालक स्वतः राहतो त्याच घराचा भाग ज्याला परवानगीने वापरायला मिळतो, तो पाहुणा. त्याला भाडेकरूचे हक्क मिळाले नाहीत. म्हणजे एका छपराखाली राहणं हे नातं निराळं, एवढं त्या गोंधळातही कायद्याला कळत होतं.

पुढे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या भाड्यांवर ताशेरे ओढले, आणि ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्यात करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. तो करायची जबाबदारी मालकाची. करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. मुदत संपूनही परवानाधारक निघाला नाही तर दुप्पट भरपाई. थोडक्यात, भीतीवर उपाय होता तो म्हणजे कागद.

आता आत्याचा प्रश्न. आमच्या भागात बाहेरच्या माणसाबद्दलचा संशय भाडे कायद्याहून जुना आहे, आणि तो उगाच आलेला नाही. बाहेरून येणारा म्हणजे सावकार, नाहीतर जंगलाचा ठेकेदार, आणि मागोमाग वेठबिगारी. १९४५ साली शेजारच्या डहाणू-उंबरगाव भागात गोदावरी परुळेकर आल्या तेव्हा त्याही बाहेरच्याच होत्या. पुण्याच्या, शिकलेल्या. त्या वारल्यांच्या पाड्यांवर राहिल्या, त्यांच्यात जेवल्या, त्यांच्यासारख्या चालल्या. लोकांनी त्यांना पारखलं ते त्यांच्या वागण्यावरून. आडनावावर थांबले असते तर त्यांना दारातूनच परत जावं लागलं असतं.

हे मी ग्रुपवर लिहिलं. आत्या काही बोलली नाही. पण नंतर तिचा फोन आला, "त्याचं मूल लहान असेल तर आईला सोबत होईल, विचार."

मग आम्ही रीतसर केलं. नेमणुकीचा आदेश पाहिला, आधार कार्डाची प्रत घेतली, आधी ज्या घरात राहत होता तिथल्या मालकाला मी स्वतः फोन केला. "भाडं वेळेवर देतो का?" यापेक्षा "गेला तेव्हा खोली कशी होती?" हा प्रश्न जास्त कामाचा. पोलीस ठाण्यात माहिती दिली. लेखी करार केला. पाणी, वीज, पाहुणे, दारू, सगळं आधीच बोलून घेतलं. त्यानेही आम्हाला विचारलं, सुट्टीत घरची माणसं आली तर चालेल का, खोली गळते का. बरं वाटलं. पारख दोन्हीकडून व्हायला हवी.

आईची परीक्षा मात्र वेगळीच होती. तिने त्याला नागलीची भाकरी वाढली. जेवून झाल्यावर तो ताट उचलून मोरीकडे गेला. "माणूस बरा आहे," तिने मला फोनवर सांगितलं.

मी इतके कायदे वाचले, तिने एक ताट पाहिलं. दोन्ही लागतं असं मला वाटतं. कागद नसता तर काका झोपले नसते, आणि ताट नसतं तर आई.

आता रात्री फोन केला की मागे कुणीतरी पाढे म्हणवून घेत असल्याचा आवाज येतो. आई म्हणते, "मोठ्याने बोल, ऐकू येत नाही." मला त्याची तक्रार नाही.